शाळेची घंटा आणि दादांची हातोडी

दिवाळीत माझी नात पुण्याहून आली होती. लेकीची लेक. एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. भाऊबीजेच्या दुपारी जेवणं आटोपल्यावर तिनं पिशवीतून एक डबी काढली आणि माझ्या तळहातावर चांदीची दोन कानातली ठेवली. "आजी, ही मी केलीत." मला आधी कळेचना. केलीत म्हणजे काय? आजकाल मुली 'केलं' म्हणतात तेव्हा बहुधा मागवलेलं असतं. मग तिनं डाव्या हाताचं बोट दाखवलं. त्यावर भाजल्याचा डाग होता. तेव्हा विश्वास बसला.

गेलं वर्षभर ती शनिवार-रविवार चांदीकाम शिकते आहे. बाल्कनीत लहानसं टेबल टाकलंय, त्यावर कानशी, चिमटे, गॅसची छोटी बत्ती. ऑफिसातल्या मैत्रिणी विकत घेऊ लागल्या आहेत. आता तिला नोकरी सांभाळून याचा छोटासा धंदा करायचा आहे. तिच्या आईला, म्हणजे माझ्या लेकीला, हे अजिबात पसंत नाही. "एवढी शिकलीस ती काय सोनारकी करायला?" असं ती आत भांडी आवरता आवरता म्हणालीसुद्धा.

नात माझ्याकडे वळली. "आजी, तुझे वडील सोनारच होते ना? आणि शाळेतही होते ना? मग त्यांनी दोन्ही कसं जमवलं?"

प्रश्न साधा होता. पण 'शाळेत होते' हे तीन अक्षरी-दोन अक्षरी शब्द आमच्या घरात गेली साठ वर्षं किती जपून वापरले गेलेत ते तिला कुठून ठाऊक असणार? त्या दुपारी तिला जे सांगितलं, आणि जे सांगताना अडखळले, ते आज इथे लिहिते आहे. मी ३३ वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. इतिहास सांगायचा म्हणजे सुरुवातीपासून सांगायचा, ही खोड काही जात नाही. तेव्हा वाचकांनी जरा धीर धरावा.

आपल्याकडे पोतदार हे आडनाव सर्वांना माहीत आहे. पण पोतदार म्हणजे कोण, हे वर्गात विचारलं तर फार थोडे हात वर होत. जुन्या गावगाड्यात पोतदार म्हणजे नाणी पारखणारा. सारा भरायला लोक नाना तऱ्हेची नाणी घेऊन येत. कुठल्या टाकसाळीचं, किती झिजलेलं, किती हिणकस, हे सांगणारा माणूस लागे. ते काम बहुतेक गावात सोनाराकडेच असे आणि त्याबद्दल त्याचा गावाकडून हक्क असे. म्हणजे दिवसा गावाची चाकरी आणि उरल्या वेळात स्वतःची बागेसरी पेटवून दागिने घडवायचे, हा प्रकार काही पुण्याच्या आयटीतल्या मुलींनी शोधून काढलेला नाही. सोनारकी ही पहिल्यापासूनच अर्धी चाकरी आणि अर्धी कारागिरी होती. आणि या दोन्ही अर्ध्यांना धरून ठेवणारी गोष्ट एकच, लोकांचा विश्वास. ज्याच्या शब्दावर सरकार नाणं घेतं, त्याच्या हातात बाई आपली पाटली निर्धास्त देते.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातले सोनार. पेठेत दोन खणांची जागा, पुढे दुकान, मागे घर. दुकान म्हणजे तरी काय, एक गादी, एक ऐरण, बागेसरी, काट्याची पेटी आणि भिंतीवर विठोबाची तसबीर. नरहरी सोनार आमच्या घरातले असल्यासारखेच होते. विठोबाचा करदोटा दोनदा माप घेऊनही कसा बसेना, ही गोष्ट दादा आम्हाला सांगत ती भक्तीची म्हणून कमी आणि माप नीट घ्यावं म्हणून जास्त!

१९६२ सालच्या ऑक्टोबरात चीनचं आक्रमण झालं तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्या दिवसांतलं वातावरण आज सांगून पटणार नाही. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि आमच्या जिल्ह्याला तर आपल्याच घरातला माणूस सरहद्दीवर गेल्यासारखं वाटलं. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी गावोगाव सभा होत. आमच्या गावी शाळेच्या पटांगणावर सभा झाली. बायका रांगेनं येऊन अंगावरचं सोनं देत होत्या. आणि ते सोनं कसाला लावून, वजन करून, ओरडून सांगायला व्यासपीठावर बसवलं होतं दादांना. "अमुक बाई, पाटली एक, दोन तोळे तीन मासे!" लोक टाळ्या वाजवत. आईनं आपल्या दोन बांगड्यांतली एक दिली. दादांनी तीसुद्धा इतरांसारखीच कसोटीवर घासली, वजन सांगितलं आणि पावती लिहायला पुढे सरकवली. त्या दिवशी मी पटांगणात सगळ्यांना 'ते माझे दादा' म्हणून दाखवत होते.

बरोबर दोन महिन्यांनी, ९ जानेवारी १९६३ रोजी, सुवर्ण नियंत्रणाचे नियम जाहीर झाले.

अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. भारत संरक्षण नियमांखाली निघालेल्या या हुकमाचा गाभा असा, की यापुढे १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचा दागिना कुणी घडवायचा नाही, आणि दागिन्यांखेरीज जे सोनं घरात असेल ते सरकारला कळवायचं. संक्रांत चार-पाच दिवसांवर होती. पुढे लग्नसराई. दादांकडे तीन लग्नांचं काम हातात होतं. ते तिथेच थांबलं.

१४ कॅरट म्हणजे काय, ते नव्या पिढीसाठी सांगते. शुद्ध सोनं २४ कॅरट. आपला नेहमीचा दागिना २२ कॅरटचा, म्हणजे शंभरात जवळजवळ ९२ भाग सोनं. १४ कॅरटमध्ये शंभरात फक्त ५८ भाग. बाकी तांबं-रुपं वगैरे. युरोप-अमेरिकेत १४ कॅरटचे दागिने सर्रास चालतात, कारण तिथे दागिना ही शोभेची वस्तू. आपल्याकडे दागिना म्हणजे बाईची बँक. अडीअडचणीला मोडायचं, पोरीच्या लग्नात आटवून पुन्हा घडवायचं. अर्धवट सोन्यात पैसे कोण घालणार? शिवाय धातू कडक, रंग निराळा, त्याला लागणारा डाक निराळा. पिढ्यान्‌पिढ्या २२ कॅरटवर बसलेला हात एका रात्रीत १४ वर कसा बसावा?

मोरारजींवर आमच्या भागात आधीच राग होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या जखमा ताज्या होत्या. 'गुजरातच्या माणसानं मुद्दाम केलं' असंही लोक बोलत. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला इथे थोडं थांबून न्याय करायला हवा. देशाकडे परकीय चलन नव्हतं. सोनं चोरट्या मार्गानं येत होतं आणि त्यापायी पैसा बाहेर जात होता. युद्धासाठी शस्त्रं घ्यायची होती. त्याआधी नोव्हेंबर १९६२ मध्ये सरकारनं सुवर्ण रोखे काढले होते, पण त्यात सोन्याची किंमत धरली जागतिक भावानं, औंसाला ३५ डॉलर, म्हणजे १० ग्रॅमला साधारण साडेत्रेपन्न रुपये. बाजारात भाव त्याहून खूपच चढा होता. मग कोण देणार? तेव्हा लोकांची सोन्याची हाव मुळातूनच कमी करावी, असा मोरारजींचा विचार होता. हेतू वाईट नव्हता. पण लोकांची हाव कमी व्हायची तेव्हा होवो, आधी सोनाराची चूल विझली. दुरुस्ती रोगाची करायची होती, औषध भलत्याच माणसाला पाजलं गेलं.

देशभर लाखो सुवर्णकार बेकार झाले. आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. लोकसभेत आरडाओरड झाली. मोर्चे निघाले. सरकारनं मग कर्जं, दुसऱ्या कामाचं प्रशिक्षण, मुलांच्या शिक्षणात सवलती वगैरे उपाय जाहीर केले. ऑगस्ट १९६३ मध्ये कामराज योजनेत मोरारजींनी मंत्रिपद सोडलं, टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले, आणि सप्टेंबरात स्वतंत्र काम करणाऱ्या सोनारांना जुने दागिने मोडून त्याच शुद्धतेत पुन्हा घडवण्याची मुभा मिळाली. १४ कॅरटचं बंधन १९६६ साली उठलं. पण नियंत्रण गेलं नाही. १९६८ साली कायमचा सुवर्ण नियंत्रण कायदा आला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं त्यातली काही कलमं रद्द ठरवली, तरी परवाने, नोंदवह्या आणि तपासण्या राहिल्याच.

ही झाली पुस्तकातली हकीकत. आता घरातली.

जानेवारी ते मे असे पाच महिने दादा घरी बसून होते. बसून म्हणजे अक्षरशः बसून. सकाळी अंघोळ करून गादीवर जाऊन बसायचे, ऐरण पुसायचे, काटा पुसायचे आणि बाराला जेवायला उठायचे. पेठेतला एक सोनार मुंबईला गिरणीत गेला. एकानं चहाचं दुकान टाकलं. एक भला माणूस एके दिवशी घरातून निघून गेला, तो परत आलाच नाही. आमच्या घरी पहिल्यांदा ज्वारी उधार आली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दादा आमच्या शाळेत नोकरीला लागले. शिपाई म्हणून. मुख्याध्यापक दादांना ओळखत होते. संरक्षण निधीच्या सभेत तेच दादांच्या शेजारी बसले होते. वय ४१, शिक्षण सातवी पास, त्यामुळे दुसरं काही देणं त्यांच्याही हातात नव्हतं. खाकी सदरा, खाकी टोपी, पाण्याचे माठ भरायचे, नोटीस फिरवायची आणि तासातासाला घंटा द्यायची. मी त्याच शाळेत आठवीत.

खरं लिहायचं म्हणून बसलेय, तर हेही लिहिते. पहिल्या दिवशी दादा आमच्या वर्गावर नोटीस घेऊन आले, तेव्हा मी दप्तरात डोकं घालून काहीतरी शोधत राहिले. ते गेल्यावरच वर पाहिलं. सहा महिन्यांपूर्वी त्याच पटांगणात 'ते माझे दादा' म्हणणारी मी!

पण दादांची गोष्ट तिथे संपली नाही. सुवर्ण नियंत्रण सोन्यावर होतं, चांदीवर नव्हतं. चांदीला परवाना नको, घोषणापत्र नको. त्या पावसाळ्यातच दादांनी बागेसरी पुन्हा पेटवली. मुख्याध्यापकांना मात्र आधी जाऊन सांगितलं, लपवलं नाही. त्यांनी एकच अट घातली, शाळेच्या वेळात हातोडीचा आवाज ऐकू येता कामा नये. दुकान शाळेपासून हाकेच्या अंतरावर होतं, म्हणून ही अट! दादांनी ती १७ वर्षं पाळली. मधल्या सुट्टीतसुद्धा गिऱ्हाईक आलं तर 'साडेपाचनंतर या' म्हणत.

सोन्याच्या कारागिराला चांदी सोपी, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. चांदी सोन्यापेक्षा कमी उष्णतेला वितळते, ९६२ अंशाला. सोन्याला १०६४ लागतात. पण चांदीतून उष्णता इतक्या झटकन पसरते की सोन्यासारखा एकच सांधा तापवून डाक लावता येत नाही, अख्खी वस्तू तापवावी लागते. मग जरा फुंक जास्त झाली की सांधा जुळण्याऐवजी कडीच बसते. फुंकणीवर मी असायची. "हळू... हळू... आता दे... बास!" हे शब्द अजून कानात आहेत. दुसरं म्हणजे वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू शोषते आणि थिजताना तो बाहेर टाकते. नीट झाकून, वेळेवर ओतली नाही तर वर फोड येतात. दादा म्हणत, "चांदी थुंकते. सोनं गुणी, चांदी तिखट." पहिल्या काही महिन्यांत कितीतरी डाग त्यांनी पुन्हा मुशीत टाकले. चाळिशी उलटलेला, गावात नावाजलेला कारागीर रात्री कंदिलाच्या उजेडात उमेदवारासारखा शिकत होता.

काम काय यायचं? जोडवी, मासोळ्या, बारशाचे वाळे, करदोडे, तोरड्या. सोनं पायात घालत नाहीत, त्यामुळे पायातलं सगळं चांदीचं. पैंजण मात्र त्यांनी फारसे केले नाहीत. कोल्हापूरकडच्या हुपरीला घराघरांत पैंजणांचं काम चाले; कुणी तार ओढायचं, कुणी कड्या जोडायचं, कुणी जिल्हई द्यायचं. त्या वेगापुढे आणि भावापुढे एकट्या माणसाचा टिकाव लागणं शक्य नाही, हे दादांनी पहिल्याच वर्षात ओळखलं. ज्याला माप घ्यावं लागतं, ज्यासाठी गिऱ्हाइकाला समोर बसावं लागतं, तेवढंच काम त्यांनी धरलं.

बायका चांदी आणायच्या ती बहुधा जुन्या रुपयांच्या रूपात. राणीछाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदी. पण दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. वरून दोन्ही रुपये सारखेच दिसतात. एकदा एक म्हातारी पंधरा रुपये बांधून आणती झाली, सुनेच्या तोरड्या करायला. दादांनी एकेक रुपया दिव्याजवळ धरून साल वाचलं आणि नऊ रुपये बाजूला काढले. "आजी, हे युद्धातले. यात अर्धीच चांदी आहे." म्हातारी भडकली. नवऱ्यानं पोटाला चिमटा घेऊन साठवलेले रुपये! तुम्ही सोनार सगळे एकजात चोर, म्हणाली, आणि गाठोडं उचलून गेली. दादा काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी ती परत आली. मधल्या आठ दिवसांत ती जिल्ह्याच्या गावी जाऊन विचारून आली होती. पोतदारीचं वतन केव्हाच गेलं होतं, पण ती जबाबदारी दादांनी सोडली नव्हती.

दादांची एक वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची. त्यात प्रत्येक कामापुढे रकाने: आलेली चांदी, डाकाचं वजन, गेलेला डाग, तूट, घडणावळ. डाकाचा रकाना वेगळा हे महत्त्वाचं. डाकात चांदीबरोबर हलके धातू असतात. ते वजन चांदीतच धरलं तर गिऱ्हाईक फसतं आणि ते कळतं वीस वर्षांनी, दागिना मोडताना. "तोवर आपण असू किंवा नसू, नाव तर असेल," असं दादा म्हणत.

पैशाचे त्यांनी सरळ दोन भाग केले होते. शाळेचा पगार घराला. घडणावळीचा पैसा डब्यात. त्यातून कोळसा, टाकणखार, हत्यारं. आणि उरलेलं आम्हा दोघी बहिणींच्या शिक्षणाला. घडणावळीतून भाजी आणायची नाही, असा दंडक. एखाद्या महिन्यात काम आलं नाही तरी त्यामुळे घर हललं नाही, आणि घर चालवायचं म्हणून वाकडं काम घ्यायची पाळीही कधी आली नाही. स्वतःच्या पैशानं चांदी भरून ठेवणं त्यांनी टाळलं. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीनं चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली आणि २७ मार्चला धाडकन अकरा डॉलरच्या खाली आली, ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली होती. दादा त्याच वर्षी निवृत्त व्हायचे होते. ते एवढंच म्हणाले, "धातू धरणाऱ्याला झोप नाही. घडणावळीवर जगणाऱ्याला आहे."

आता ती एक गोष्ट, जी सांगताना मी नातीसमोर अडखळले.

१९६६ च्या अखेरीस आमचे एस.एस.सी.चे फॉर्म भरायचे होते. त्यात 'वडिलांचा व्यवसाय' अशी ओळ. मी झोकात लिहिलं, 'सुवर्णकार'. शिपाई लिहायला हात धजला नाही. फॉर्म गेला शाळेच्या हेडक्लार्ककडे. त्यांनी मला बोलावून हळूच विचारलं, "अगं, तुझी ईबीसीची फीमाफी आहे. तिथल्या दाखल्यावर शिपाई लिहिलंय. इथे निराळं कसं?" मी गप्प. एवढ्यात माठ भरून दादाच आत आले. हेडक्लार्कनी फॉर्म त्यांच्या हातात दिला. दादांनी तो वाचला. माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं.

"दोन्ही लिही," ते म्हणाले. "दोन्ही खरं आहे."

"एवढ्याशा ओळीत दोन कसे बसायचे?" हेडक्लार्क हसून म्हणाले.

मग मी 'सुवर्णकार' खोडून 'नोकरी' लिहिलं. नुसतं 'नोकरी'. दादा घंटा द्यायला निघून गेले.

त्या खोडलेल्या शब्दापासून पुढे मी आयुष्यभर 'वडील शाळेत होते' असंच सांगत आले. सासरी तसंच सांगितलं. लोक समजायचे मास्तर असतील, मी समजू द्यायची. स्वतः शिक्षिका झाल्यावर तर ते अधिकच सोपं झालं. गंमत बघा, वर्गात श्रमप्रतिष्ठेवर निबंध मीच लिहून घेत होते!

१९९० साली अर्थमंत्री मधू दंडवते यांनी अर्थसंकल्पात सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याचं जाहीर केलं, आणि जूनमध्ये तो रद्द झाला. २७ वर्षांत सोन्याचं चोरटं येणं थांबलं नव्हतं. उलट त्यावर मुंबईच्या किनाऱ्याला मोठमोठी साम्राज्यं उभी राहिली होती. कायदा ज्यांच्यासाठी केला ते मोठे झाले, आणि ज्यांना तो लागला ते म्हातारे. मी दादांना म्हटलं, "दादा, आता सोनं घडवता येईल." ते तेव्हा ६८ वर्षांचे. हात किंचित कापायला लागला होता. हातात एका बाळाचे वाळे होते. म्हणाले, "बारसं परवा आहे. आधी हे होऊ दे." त्यानंतर सहा वर्षांनी ते गेले. शेवटपर्यंत सोन्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. चिडून नव्हे. मला वाटतं, चांदीत त्यांचं मन खरंच रमलं होतं.

नातीला मी काय सल्ला दिला? मी काही व्यापारी नाही. पण वहीत जे होतं ते सांगितलं. आधी तुझ्या कंपनीच्या नेमणूकपत्रात बाहेरच्या धंद्याबद्दल काय लिहिलंय ते वाच, आणि लपवू नकोस. कंपनीच्या वेळात हातोडी वाजवू नकोस. पगार आणि घडणावळ एकत्र करू नकोस. यंत्र जे स्वस्तात करतं त्याच्या वाटेला जाऊ नकोस. चांदीवर हॉलमार्कची सोय २००५ पासून आहे; २०२५ सालापर्यंत तरी ती सोन्यासारखी सक्तीची झालेली नव्हती, पण सक्ती नाही म्हणूनच करून घे. डाकाचं वजन वेगळं लिही. आणि चांदी भरून ठेवू नकोस. २०२५ च्या ऑक्टोबरात तिनं १९८० चा ५० डॉलरचा आकडाही मागे टाकला. अशा वेळी घाबरून नाही तर हावरेपणानं माणूस साठा करतो, आणि मग कारागीर राहत नाही.

"आणि लोकांनी विचारलं काय करतेस, तर काय सांगू?" तिनं विचारलं.

तेव्हा मी तिला फॉर्मची गोष्ट सांगितली. मध्येच आतल्या भांड्यांचा आवाज थांबला होता, ते मला नंतर लक्षात आलं. माझी लेक पदराला हात पुसत दारात उभी होती. पन्नाशीची लेक माझी.

"आई, आजोबा शिपाई होते?" ती म्हणाली. "मला वाटायचं, ऑफिसात होते."

"शिपाई होते," मी म्हटलं. "आणि सोनार होते."

पुढे कुणी काही बोललं नाही. रात्री ती लाल वही तिनं मागून घेतली आणि बराच वेळ दिवा चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात निघायच्या गडबडीत होती. लेकीनं पायातली जोडवी काढली. लग्नातली, दादांनीच घडवलेली, एकाचा सांधा कधीचा सुटलेला. ती मुलीच्या हातावर ठेवून म्हणाली, "हे जोडून दे. घडणावळ किती घेशील ते आत्ताच सांग."

नातीनं आपल्या छोट्या काट्यावर ते आधी तोललं, आकडा आईला दाखवला, आणि मगच पिशवीतली वही काढली.